दीडशे सीसीवरून साडेसहाशेवर: रॉयल एनफिल्ड सुपर मीटिऑर ६५०

दीडशे सीसीची गाडी सोडून मोठी टूरिंग मोटरसायकल घेणाऱ्याला सगळे जण आधी वेगाबद्दल विचारतात. महाराष्ट्रात राहून फिरणाऱ्या माणसासाठी मात्र हा प्रश्न जवळजवळ गैरलागू आहे. केंद्र सरकारच्या २०१८ च्या अधिसूचनेनुसार चौपदरी महामार्गावर दुचाकीची वेगमर्यादा ताशी ८० किलोमीटर आहे, आणि मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी महामार्ग व अटल सेतू या तिन्ही ठिकाणी दुचाकीला प्रवेशच नाही, मग ती शंभर सीसीची असो वा हजार सीसीची. बजाज पल्सर १५० वर्षानुवर्षे चालवल्यानंतर मी रॉयल एनफिल्डची सुपर मीटिऑर ६५० घेतली ती वेगासाठी नव्हे. दोन माणसे आणि सामान घेऊन दिवसभर चालताना इंजिनाची दमछाक होऊ नये, घाटात ओव्हरटेक करताना मागे बसलेल्याचा जीव टांगणीला लागू नये आणि मुक्कामी पोचल्यावर हात-पाठ बधिर झालेली नसावी, एवढीच अपेक्षा होती. गाडीने ती पुरी केली आहे. तिची खरी किंमत मात्र गाडी थांबलेली असताना किंवा पायी चालण्याच्या वेगाने सरकत असताना मोजावी लागते, आणि विकत घेण्यापूर्वी याबद्दल कोणी नीट सांगत नाही; म्हणून या परीक्षणात वजनाविषयी मी सर्वांत जास्त लिहिणार आहे.

आधी गाडीची ओळख करून देतो. सुपर मीटिऑर नोव्हेंबर २०२२ मध्ये मिलानच्या प्रदर्शनात प्रथम दिसली आणि जानेवारी २०२३ मध्ये भारतात विक्रीला आली. तिचे ६४८ सीसीचे, दोन सिलिंडरचे इंजिन त्या वेळी नवे नव्हते. तेच इंजिन कंपनीने २०१८ मध्ये इंटरसेप्टर आणि कॉन्टिनेंटल जीटी या दोन गाड्यांतून आणले होते, त्यामुळे सुपर मीटिऑर येईपर्यंत ते आपल्या रस्त्यांवर आणि आपल्या पेट्रोलवर चांगले मुरलेले होते. त्याची ताकद ४७ पीएस (अश्वशक्ती) आहे आणि टॉर्क, म्हणजे ओढण्याचा जोर, ५२.३ न्यूटन-मीटर आहे, पण टूरिंगच्या दृष्टीने मोलाची गोष्ट अशी की, कंपनीच्या म्हणण्याप्रमाणे, त्यातला ८० टक्के टॉर्क इंजिनाच्या मिनिटाला २,५०० फेऱ्यांनाच हाताशी असतो. सहा गिअर, हलका स्लिप-असिस्ट क्लच, पुढे धक्के शोषणारे ४३ मिलिमीटरचे उलटे फोर्क, पुढच्या चाकाला ३२० आणि मागच्या चाकाला ३०० मिलिमीटरची डिस्क, आणि दोन्ही चाकांना एबीएस (कडक ब्रेक लावला तरी चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) अशी तिची रचना आहे. अ‍ॅस्ट्रल, इंटरस्टेलर आणि सेलेस्टियल असे तीन प्रकार यांत्रिकदृष्ट्या सारखेच आहेत, परंतु सेलेस्टियलला पुढची काच, रुंद टूरिंग सीट आणि मागे बसणाऱ्याच्या पाठीला टेकण कारखान्यातूनच मिळते. मी सेलेस्टियल घेतली, आणि ज्यांना जोडीने फिरायचे आहे त्यांनीही तीच घ्यावी, कारण या तीन वस्तू नंतर सुट्या बसवण्यात पैसा आणि वेळ दोन्ही जातात.

टूरिंगची गाडी रिकामी कधीच धावत नाही, म्हणून जुन्या आणि नव्या गाडीची तुलना भरलेल्या अवस्थेतच करायला हवी. माझ्या जुन्या पल्सर १५० चे वजन १४४ किलो आणि ताकद सुमारे १५ पीएस आहे. दोन माणसे आणि सामान मिळून १५५ किलो धरले तर एकूण भार २९९ किलो होतो, म्हणजे एका टनामागे जेमतेम ५० पीएस मिळतात. सुपर मीटिऑरचे वजन २४१ किलो आहे. तिच्यावर तेवढाच भार चढवला की ३९६ किलो होतात आणि तरीही टनामागे सुमारे ११९ पीएस उरतात. हा हिशेब रस्त्यावर कसा उतरतो ते पाहायचे असेल तर पुण्याहून साताऱ्याकडे जाताना खंबाटकीचा चढ पाहावा. पल्सरवर जोडीने तो चढताना गिअर दोनदा खाली आणायचा, इंजिन ओरडू द्यायचे, आणि पुढच्या ट्रकला ओलांडण्यासाठी लांबलचक मोकळी जागा मिळेपर्यंत त्याच्या धुरात थांबायचे, असा नेम असे. सुपर मीटिऑरवर मूठ थोडी पिळली की गिअर न बदलता ट्रक मागे पडतो. समोरून येणाऱ्या वाहनाच्या बाजूला आपण किती सेकंद घालवतो यावर दुपदरी रस्त्यावरची सुरक्षितता अवलंबून असते, आणि मोठ्या इंजिनाने हा कालावधी निम्म्याहून कमी होतो. माझ्या मते मोठी गाडी घेण्याचे सर्वांत पटण्याजोगे कारण हेच आहे.

दुसरे कारण थकव्याचे आहे. पल्सरचे इंजिन महामार्गाच्या वेगाला आपल्या क्षमतेच्या बऱ्यापैकी वरच्या पट्ट्यात काम करते आणि त्याची थरथर हँडल व पायदांडीतून अंगात येते. तासाभराने बोटांना मुंग्या येतात. सुपर मीटिऑर ताशी ८० ला सहाव्या गिअरमध्ये अगदी सावकाश चालते. तिचा क्रँक, म्हणजे पिस्टनच्या हालचालीने फिरणारा दांडा, २७० अंशांचा असल्यामुळे दोन सिलिंडरचे ठोके समान अंतराने पडत नाहीत आणि इंजिनाला एक गंभीर, लयदार ठेका येतो, पण थरथर मारणाऱ्या बॅलन्सर शाफ्टमुळे त्याचा त्रास हातांना होत नाही. शेजारून भरधाव बस गेली की हलकी गाडी हेलकावते, तशी ही हेलकावत नाही. समोरच्या काचेमुळे छातीवर आदळणारा वारा अडतो आणि त्यामुळे मान व खांदे दिवसभर ताणलेले राहत नाहीत. काचेची उंची बदलता येत नाही, ही मात्र उणीव आहे; माझ्या उंचीला वाऱ्याचा झोत हेल्मेटच्या वरच्या भागावर येतो आणि त्याचा आवाज बराच होतो, त्यामुळे मी कानात बोळे घालतो आणि इतरांनाही तसेच सुचवेन.

आता वजनाबद्दल लिहितो. गाडी चालती असताना २४१ किलो कुठे जातात ते कळत नाही, कारण बहुतेक वजन खाली आहे आणि सीटची उंची केवळ ७४० मिलिमीटर आहे, पल्सरच्या ७८५ पेक्षाही कमी. मध्यम उंचीच्या माणसाचे दोन्ही तळपाय जमिनीवर सपाट टेकतात. शोरूममध्ये बसून पाहणाऱ्याला याच कारणाने गाडी सोपी वाटते. परंतु पाय टेकणे निराळे आणि गाडी मागे ढकलणे निराळे. पल्सरची दोन चाकांमधली लांबी १,३२० मिलिमीटर आहे आणि सुपर मीटिऑरची १,५००. त्यामुळे ज्या जागेत जुनी गाडी एका दमात वळत असे तिथे हिला दोनतीनदा पुढे-मागे करावे लागते, आणि प्रत्येक वेळी मागे करताना ते सगळे किलो पायांवर येतात. सोसायटीच्या पार्किंगमध्ये दोन मोटारींच्या मधली जागा, मुक्कामाच्या घराचे खडी टाकलेले अंगण, पेट्रोल पंपावरची रांग, डोंगरातल्या चहाच्या टपरीसमोरचा रस्त्याच्या कडेचा उतार, या चार ठिकाणी मोठ्या गाडीची परीक्षा होते.

यातून जी शिस्त अंगी बाणवावी लागते ती अशी, की थांबण्यापूर्वी उतार पाहायचा. गाडीचे तोंड उताराच्या दिशेने भिंतीला लावून उभी केली तर ती एकट्याने मागे ओढून काढणे जवळजवळ अशक्य असते. तोंड चढाच्या दिशेला ठेवले तर निघताना गाडी आपल्याच वजनाने मागे सरकते आणि फक्त ब्रेकने आवरावी लागते. शक्य असेल तिथे सरळ पुढे निघता येईल अशीच जागा निवडावी. खडीवर हँडल वळलेले असताना पुढचा ब्रेक दाबू नये, कारण त्या क्षणी गाडी ज्या बाजूला झुकते त्या बाजूने तिला सावरणे मांड्यांच्या ताकदीबाहेर जाते. दीडशे सीसीच्या गाडीवर या सगळ्या चुका आपण रोज करतो आणि पाय टेकून निभावून नेतो, आणि तिथल्या सवयी इथे चालत नाहीत याचे कारणही तेच आहे.

याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण कोकणच्या सागरी मार्गावर मिळते. आगरदांडा ते दिघी, दाभोळ ते धोपावे आणि तवसाळ ते जयगड या खाड्या फेरीबोटीने ओलांडाव्या लागतात आणि दुचाकी, मोटारी, माणसे सगळी एकाच बोटीतून जातात. ओहोटीच्या वेळी धक्का आणि बोट यांच्यातला उतार तीव्र होतो, बोटीचे लोखंडी दार खाऱ्या पाण्याने ओले असते, त्यावर घसरू नये म्हणून आडव्या पट्ट्या मारलेल्या असतात, आणि बोटीवरचा माणूस घाईने हात हलवून आत बोलावत असतो. अशा वेळी मागे बसणाऱ्याला आधी उतरवून चालत पाठवावे. स्वतः पहिल्या गिअरमध्ये, अर्ध्या क्लचवर, उजव्या पायाने मागचा ब्रेक हलका धरून, नजर चाकापुढच्या लोखंडावर न ठेवता बोटीच्या दुसऱ्या टोकावर ठेवून सावकाश पण न थांबता आत जावे. उताराच्या मध्यावर थांबलेली मोठी गाडी ओल्या लोखंडावर पायाने धरून ठेवणे कठीण असते, म्हणून पुढचे वाहन पूर्ण आत जाईपर्यंत धक्क्याच्या सपाट भागावरच वाट पाहावी, मागून कितीही हॉर्न वाजले तरी. बोटीत गाडी गिअरमध्ये टाकूनच साइड स्टँडवर उभी करावी आणि जवळून हलू नये. सुपर मीटिऑरचा क्लच हलका आहे, त्याच्या आणि ब्रेकच्या दांड्यांचे अंतर हाताच्या मापाप्रमाणे बदलता येते, आणि इंजिन अगदी कमी फेऱ्यांनाही बंद न पडता ओढते. या तीन गुणांमुळे असे प्रसंग वजनाच्या आकड्यावरून वाटतात त्यापेक्षा सोपे जातात.

हे कौशल्य शिकवणारी व्यवस्था आपल्याकडे नाही, ही गंभीर बाब आहे. युरोपात मोटरसायकलचा परवाना टप्प्याटप्प्याने मिळतो: आधी १२५ सीसीपर्यंतची लहान गाडी, मग ३५ किलोवॉटपर्यंतची मधली, आणि त्यावर दोन वर्षे काढल्यावर किंवा जास्त वय झाल्यावर कोणतीही. सुपर मीटिऑरचे ४७ पीएस म्हणजे सुमारे ३४.६ किलोवॉट होतात, म्हणजे ती तिथल्या मधल्या टप्प्यात नेमकी बसते. आपल्याकडे गिअरच्या दुचाकीचा एकच परवाना असतो, आणि अठराव्या वर्षी शंभर सीसीवर आठचा आकडा काढून मिळवलेल्या त्या परवान्यावर दुसऱ्या दिवशी साडेसहाशे सीसीची गाडी कायदेशीरपणे चालवता येते. तेव्हा ही जबाबदारी स्वतःच घ्यावी लागते. गाडी हाती आल्यावर पहिल्या आठवड्यांत रिकाम्या मैदानात सावकाश वळणे, आठचे आकडे, सरळ रेषेत कडक ब्रेक आणि चढावर थांबून पुन्हा निघणे यांचा सराव केल्याशिवाय जोडीने प्रवासाला निघू नये. आडवी पडलेली गाडी उचलण्याची पद्धतही माहीत असावी: गाडीकडे पाठ करून, एक हात हँडलवर आणि दुसरा मागच्या चौकटीवर ठेवून, पाठीने नव्हे तर पायांनी रेटत मागे मागे जायचे. गाडी उजव्या बाजूला पडली असेल तर साइड स्टँड आधीच काढून ठेवावा, नाहीतर उभी झालेली गाडी पलीकडे कलंडते.

घाटांमध्ये गाडीचा स्वभाव दोन प्रकारे दिसतो. महाबळेश्वराहून पोलादपूरकडे उतरणारा आंबेनळी किंवा कराडहून चिपळूणकडे उतरणारा कुंभार्ली घाट उतरताना मोठे इंजिन तिसऱ्या गिअरमध्ये गाडी छान आवरून धरते, आणि पल्सरवर जसे ब्रेक सतत वापरावे लागत तसे इथे लागत नाहीत. चढताना तर तिसरा गिअर टाकून विसरून जावे इतकी ताकद हाताशी असते. मात्र अगदी आवळ वळणांवर, विशेषतः वरंधा घाटासारख्या अरुंद रस्त्यावर, लांब गाडीला वळायला जागा जास्त लागते आणि पायदांड्या खाली व पुढे असल्यामुळे गाडी थोडी जास्त झुकवली की त्या रस्त्याला घासतात. ही गाडी वळणे कापत पळवण्यासाठी केलेलीच नाही. वळणाआधी वेग कमी करून, गोलाई मोठी ठेवून आणि बाहेर पडताना सावकाश मूठ उघडून चालवली तर ती अत्यंत स्थिर आणि सुखद वाटते.

रस्ता वाईट झाला की तिची मर्यादा उघडी पडते, आणि या बाबतीत मी ग्राहकाला स्पष्ट सावध करेन. मागच्या सस्पेन्शनची, म्हणजे धक्के शोषणाऱ्या स्प्रिंगांची, हालचाल फक्त १०१ मिलिमीटर आहे आणि जमिनीपासूनची उंची १३५ मिलिमीटर आहे. पल्सरची उंची १६५ आहे. त्यातच पाय पुढे ठेवून बसण्याच्या पद्धतीमुळे खड्डा आला की पायदांडीवर उभे राहून धक्का पायांवर घेता येत नाही, तो सरळ माकडहाडावर येतो. मागे माणूस आणि सामान असताना गावाच्या वेशीवरचा उंच, टोकदार गतिरोधक तिरका घ्यावा लागतो, नाहीतर पोट घासण्याची भीती असते. मागच्या स्प्रिंगचा ताण हत्याराने वाढवता येतो आणि जोडीच्या प्रवासाआधी तो अवश्य वाढवावा. त्यामुळे पोट घासणे कमी होते, पण धक्के काही थांबत नाहीत. ज्यांचा प्रवास मुख्यतः कोकणातल्या आतल्या गावांचा, सह्याद्रीच्या कुशीतल्या कच्च्या रस्त्यांचा किंवा हिमालयाचा आहे त्यांनी ही गाडी घेऊ नये. त्यांच्यासाठी त्याच कंपनीची, नोव्हेंबर २०२३ मध्ये आलेली ४५२ सीसीची हिमालयन अधिक योग्य आहे: ४० पीएस ताकद, १९६ किलो वजन आणि दोन्ही चाकांना २०० मिलिमीटरची हालचाल असल्यामुळे ती खड्ड्यांतून सहज जाते. तिची सीट ८२५ मिलिमीटर उंच आहे, त्यामुळे कमी उंचीच्या माणसाला ती जड जाईल, आणि महामार्गावर दोन सिलिंडरचा जो निवांतपणा सुपर मीटिऑर देते तो एका सिलिंडरकडून मिळणार नाही.

मागे बसणाऱ्याचे मत हे टूरिंग गाडीच्या परीक्षणात अर्धे मत मानले पाहिजे. माझ्या पत्नीने पल्सरवर माझ्यासोबत बरेच प्रवास केले आहेत, आणि तिच्या दृष्टीने सर्वांत मोठा फरक पाठीच्या टेकणाने केला आहे: गाडी वेग घेताना मागे फेकले जाण्याची धास्ती राहत नाही, त्यामुळे तिला सतत मला किंवा कडीला घट्ट धरून बसावे लागत नाही आणि खांदे दुखत नाहीत. सीट रुंद आहे, पण दोनएक तासांनी ती कडक वाटू लागते, त्यामुळे आम्ही तेवढ्या अंतराने उतरून चालतो. सामानाच्या पिशव्या चाकाच्या दोन्ही बाजूंना, शक्य तितक्या खाली आणि पुढे बांधाव्यात. टेकणाच्या मागे उंचावर जड बॅग लावली तर सावकाश वळताना गाडी हातातून निसटल्यासारखी वाटते, म्हणून तिथे फक्त पावसाळी कपडे ठेवावेत.

शहरातल्या वापराबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. सिग्नलला रांगेत उभे राहिले की उजव्या पोटरीला उष्णता जाणवते, दोन बसगाड्यांमधून वाट काढणे सोडून द्यावे लागते, आणि डिसेंबरातली संध्याकाळ असो वा मे महिन्यातली दुपार, लक्ष्मी रस्त्यावर या गाडीचे काही काम नाही.

खर्चाचा हिशेब मात्र बारकाईने मांडायला हवा, कारण गाडीच्या किमतीपुरता विचार करून लोक थांबतात. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीवरच्या दुचाकींवर ४० टक्के जीएसटी लागू झाला; त्याआधी उपकरासह ३१ टक्के होता. त्याच दिवशी ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींचा कर २८ वरून १८ टक्क्यांवर आला, म्हणजे लहान आणि मोठ्या गाडीतले अंतर दोन्ही बाजूंनी वाढले. जानेवारी २०२३ मध्ये सेलेस्टियलची एक्स-शोरूम किंमत ३ लाख ७९ हजार होती. आता ती चार लाखांच्या पुढे धरून चालावे, आणि त्यावर रस्ताकर, नोंदणी व विमा वेगळा. जून २०२२ पासूनच्या दरांनुसार नव्या गाडीचा पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा ७५ ते १५० सीसीच्या वर्गात ३,८५१ रुपये आहे, तर ३५० सीसीवरच्या वर्गात १५,११७ रुपये आहे. पेट्रोलच्या बाबतीत सुपर मीटिऑर मला लिटरला २२ ते २५ किलोमीटर देते. पल्सर ४५ च्या आसपास देत असे. हजार किलोमीटरच्या प्रवासाला सुमारे वीस लिटर पेट्रोल जास्त लागते, म्हणजे आजच्या भावाने दोन हजार रुपयांहून थोडे अधिक. टाकी १५.७ लिटरची आहे, तेव्हा तीनशे किलोमीटरच्या आत पंप गाठावा असे मी धरतो. मागचा १५० मिलिमीटर रुंदीचा टायर जुन्या गाडीच्या टायरपेक्षा बराच महाग आहे आणि जोडीच्या प्रवासात तो झिजतोही लवकर. हे सगळे आकडे कागदावर मांडून, शिवाय चांगले हेल्मेट, जाकीट, हातमोजे आणि इंजिन गार्ड यांसाठी वेगळी रक्कम बाजूला ठेवून मगच निर्णय घ्यावा. संरक्षक कपड्यांचे पैसे गाडीच्या सजावटीवर घालवलेले लोक मी पाहिले आहेत आणि ते पाहून मला वाईट वाटते.

खरेदीच्या अनुभवात एक गोष्ट खटकली. ज्या विक्रेत्याकडे मी गेलो होतो, त्याचे नाव इथे महत्त्वाचे नाही, तिथे चाचणीसाठी एका सपाट, रुंद रस्त्यावर एकट्याने छोटी फेरी मारू देण्यात आली. अशा फेरीत इंजिनाची ताकद कळते आणि गाडी आवडतेच, पण जे कळायला हवे ते काहीच कळत नाही. म्हणून ज्यांना शक्य आहे त्यांनी पुण्यात किंवा गोव्यात हीच किंवा याच वजनाची गाडी दोन दिवस भाड्याने घ्यावी, ज्याला सोबत न्यायचे आहे त्याला मागे बसवावे, एक घाट चढून उतरावा, चढावर थांबून निघावे, आणि स्वतःच्या पार्किंगच्या जागेत ती एकट्याने आत-बाहेर करून पाहावी. ही शेवटची चाचणी जमली नाही तर बाकी सगळे कितीही आवडले असले तरी गाडी घेऊ नये, कारण ते काम प्रत्येक प्रवासात दोनदा करायचेच असते.

देखभाल मात्र अपेक्षेपेक्षा सोपी आहे. पहिली सर्व्हिसिंग ५०० किलोमीटरला होते आणि पुढे इंजिन ऑइल दर १०,००० किलोमीटरला बदलावे लागते. मधल्या काळात तेलाची पातळी, साखळी आणि ब्रेक तपासून घ्यावे लागतात. गाडीसोबत मेन स्टँड येत नाही, ही टूरिंगसाठी केलेल्या गाडीतली मला न पटणारी काटकसर आहे, कारण त्यामुळे प्रवासात साखळीला वंगण घालताना गाडी थोडी थोडी पुढे ढकलत एकेक भाग समोर आणावा लागतो. मिश्रधातूच्या चाकांवर ट्यूबलेस टायर आहेत ही त्याउलट मोठी सोय आहे. पंक्चर झालेली ही गाडी ढकलत दुकानापर्यंत नेणे शक्यच नाही, म्हणून पंक्चरच्या वाती आणि लहान हवेचा पंप कायम सोबत ठेवावा आणि त्यांचा वापर घरीच शिकून घ्यावा. हँडलवरच्या छोट्या गोल पडद्यावर रस्ता दाखवण्याची सोय आहे. ती फोनशी जोडलेली असल्यामुळे घाटांत मी तिच्यावर विसंबत नाही.

जुनी गाडी विकावी की ठेवावी, असा प्रश्न जागा आणि ऐपत असलेल्या प्रत्येकापुढे येतो, आणि माझे मत ती ठेवावी असे आहे. बाजारहाट, कचेरी आणि गल्लीबोळ यांसाठी दीडशे सीसीची गाडी आजही सरस आहे, आणि तिच्यामुळे मोठ्या गाडीचे टायर व पेट्रोल प्रवासासाठीच खर्ची पडतात. त्यामुळे जून ते सप्टेंबर या काळात, खड्ड्यांनी भरलेल्या रस्त्यांवर मोठी गाडी कमी बाहेर पडते, तेव्हा तिची बॅटरी उतरू नये म्हणून आठवड्यातून एकदा ती नुसती जागेवर चालू न ठेवता पंधरा-वीस किलोमीटर फिरवून आणावी, आणि परतल्यावर साखळी पुसून कोरडी करून लगेच वंगण घालावे.